ढकलण्याची सवय

शर्यत सुरू व्हायच्या आधीच पुष्पलतेने लेकीच्या तीनचाकीला चार वेळा हात लावला होता. एकदा सीटवर उशी ठेवायला, एकदा ती काढायला आणि दोनदा उगीचच.

"आई, बाजूले हो ना!" समीक्षा म्हणाली. पोलिओने तिचे पाय गेले होते, जीभ शाबूत होती.

तीनचाकी हाताने चालवायची, पण पुष्पलताच ती मागून ढकलत असे. मग जवळच्या भरवेली गावचा हेमराज दर रविवारी येऊ लागला. त्याचे दोन्ही पाय अपघातात गेलेले. त्याने पोरीला वळण, ब्रेक, उतार सगळं शिकवलं. आता तिला शिवणाच्या वर्गाला रोज एकटीने जायचं होतं. "मैदानाची एक फेरी कोनाचा हात न लागता मार, मंग जाय," असं पुष्पलता बोलून बसली होती.

अपंग दिनाच्या त्या शर्यतीचा नियमही तोच. बाहेरच्याचा हात लागला, की गाडी बाद.

शिट्टी वाजली, सहा गाड्या निघाल्या. पण बालाघाटची माणसं मायाळू. समोर कोणी धापा टाकतोय आणि आपण हाताची घडी घालून बघायचं? पहिल्याच वळणावर तेजराम जरा हळू झाला. राईस मिलवाले दुलीचंदशेठ धावले. शेठला पुण्य लागलं, तेजराम बाद झाला. शेठ धावले म्हटल्यावर बाकीचे कशाला मागे राहतात? दोन मिनिटांत आणखी तिघे बाद. "अरे, धक्का मत दो भाई!" ओरडून ओरडून पंचांचा घसा बसला, तर लोकांनी त्यांनाही धरून खुर्चीवर बसवलं आणि पाणी पाजलं.

उरले दोघे. हेमराज पुढे, समीक्षा मागे. शेवटच्या वळणावर समीक्षाचं चाक रेतीत रुतलं. पदर खोचून पुष्पलतेने मैदानाभोवतीची दोरी ओलांडली.

हेमराजने वळून पाहिलं आणि जिंकत आलेली गाडी मागे फिरवून सरळ पुष्पलतेच्या आडवी घातली.

"ताई, हात लयच शिवशिवून राह्यले का?"

"सरक भाऊ! पोरगी फसली माही!"

"मंग मले ढकला!"

"तुले काहून?"

"कोनाले तरी ढकल्याबिगर तुमाले चैन पडन का? ढकला!"

आपण काय करतोय हे कळायच्या आत पुष्पलतेने सतरा वर्षांचा सराव पणाला लावला. हेमराज सुसाट निघाला तो थेट पाहुण्यांच्या टेबलावर जाऊन थांबला. टेबलावरचे दोन हार गळ्यात, गुच्छ मांडीवर.

"बाद!" पंच खुर्चीतूनच किंचाळले.

"हौ!" हेमराज खुशीत म्हणाला.

इकडे समीक्षा दातओठ खात गाडी मागेपुढे, मागेपुढे करत होती. सगळं मैदान श्वास रोखून उभं. दुलीचंदशेठनी तर आपले हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते. चाक सुटलं. पोरगी रेषेपार गेली, आणि असा गलका उठला की झाडावरचे कावळे उडाले.

पुष्पलता मटकन खाली बसली होती. हेमराजला ढकलताना पाय मुरगळला होता. समीक्षाने गाडी जवळ आणली.

"बस मांगं. घरी नेतो तुले."

पुष्पलता गाडीच्या मागच्या फळीवर बसली. बसस्टँडजवळच्या चढावर गाडी हळू झाली. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. चढ संपला.

"आई, सोमवारी शिवणाले मी एकटी जाईन."

"हौ," पुष्पलता म्हणाली. "पण जाता जाता मले बजारात सोडजो."