सेल्मर त्वेटची पात्र गरिबी

माणसाला गरिबी आपोआप येते, असा एक गैरसमज सर्वत्र आढळतो. आपोआप येते ती साधी गरिबी. तिला सरकारदरबारी कोणी विचारत नाही. पात्र गरिबी कमवावी लागते, आणि म्हातारपणी ती कमवताना भल्याभल्यांची दमछाक होते.

अमेरिकेत डकोटाच्या गव्हाच्या पट्ट्यातल्या होर्टेन गावचा सेल्मर त्वेट, वय ब्याऐंशी, याचं उदाहरण घ्या. जन्मभर त्याने दुधाची गाडी चालवली. बायको मागेच गेली. त्याचे पाय सुजायचे, म्हणून डॉक्टरने लांब घट्ट मोजे दिले होते. पण ते चढवायला वाकावं लागतं, आणि सेल्मरचं वाकणं दोन हिवाळ्यांपूर्वीच संपलं होतं. सरकारी खर्चाने रोज सकाळी मोजे चढवायला एक बाई घरी येऊ शकत होती. ती आली तर सेल्मर आपल्या घरी, आपल्या खिडकीशी. नाही आली तर जिल्ह्याच्या गावी वृद्धाश्रमात. (तिथे माणसाचे पैसे महिन्याभरात आपोआप संपतात, एवढी सोय आहे.)

अट एकच होती: अर्जदाराकडे तीन हजार डॉलरपेक्षा जास्त शिल्लक नसावी. सेल्मरकडे अकरा हजार होते.

"उधळा, सेल्मरकाका," जिल्हा कचेरीतली मार्लिस म्हणाली. चर्चमध्ये ती त्याच्या मागच्याच बाकावर बसायची.

"नातवंडांना देऊन टाकू?"

"दिलेलं चालत नाही. ते तुमचंच धरतात. नवी गादी घ्या, मोठा टीव्ही घ्या."

"आहेत की घरात."

होर्टेनमध्ये जिवंत माणसाने नवी गादी घेणं म्हणजे शेफारणं. तिथे कॉफीची पूड दोनदा उकळतात.

"मग अंत्यविधी," मार्लिस म्हणाली. "त्याचे पैसे आधी भरून ठेवले तर ते शिलकीत धरत नाहीत."

या नियमामागचा विचार उदात्त आहे. जिवंत माणसाला पैसा लागतो, याविषयी सरकारच्या मनात शंका आहेत. मेलेल्याला लागतो, याविषयी नाहीत. सेल्मरने ओकची शवपेटी घेतली, आतून रेशमी अस्तराची. (घरच्या गादीची स्प्रिंग त्याला बरगडीत टोचायची.) दफनभूमीत ग्रॅनाइटचा दगड उभा केला. त्यावर नाव आणि जन्मसाल कोरून पुढची जागा मोकळी ठेवली. जिल्ह्यात त्याच्याइतकी मरणाची तयारी कोणाचीच नव्हती, आणि म्हणूनच तो आता जगायला पात्र ठरला. मोजेवाली बाई एक तारखेपासून येणार होती. सेल्मर खुशीत होता.

पण गावाने तो दगड पाहिला, पेटीची बातमी ऐकली, आणि सेल्मरकडे आता काही उरलं नाही हेही ऐकलं. होर्टेनमध्ये कोणी अडचणीत आला की चर्चच्या तळघरात मीटबॉलचं जेवण घालतात आणि जेवणारे यथाशक्ती पैसे टाकतात. ज्याच्यासाठी हे चालतं त्याला विचारत नाहीत. विचारलं तर तो संकोचतो. सेल्मर नेहमीच्या कॉफीला म्हणून तळघरात उतरला, तर सारं गाव जेवत होतं आणि तळघरातलं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या हिल्डरबाई पाकीट घेऊन उभ्या होत्या.

"नको, हिल्डर," सेल्मर म्हणाला.

"घ्या हो."

"चाललंय माझं."

"घ्या म्हणते ना."

"खरंच नको गं. माझे मोजे..."

"मोजेसुद्धा घ्या त्यातून."

होर्टेनची रीत अशी, की तीनदा नाही म्हणायचं आणि चौथ्यांदा घ्यायचं. तिसरं नाही सेल्मर आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून म्हणाला होता. पण ते आधीच्या दोन्हींसारखंच ऐकू आलं. चौथ्यांदा नाही म्हणणारा माणूस गावाच्या इतिहासात एकच झाला, आणि तो नंतर मोंटानाला राहायला गेला. सेल्मरने पाकीट घेतलं. आत चार हजार डॉलर होते. पलीकडच्या टेबलावर मार्लिसचा घास तोंडातच राहिला. वीस डॉलर तिनेही टाकले होते.

सोमवारी तिने मंजुरी थांबवली. "काका, मला फार वाईट वाटतंय," ती म्हणाली, आणि तिला खरंच वाटत होतं. सेल्मर घरी येऊन खिडकीशी बसला, त्याने आपल्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं, आणि त्याला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी मार्लिसचाच फोन आला. "काका, अंत्यविधीत काही राहिलंय का?"

सेल्मरने खूप विचार केला. "जेवण," तो म्हणाला.

दफनानंतरचं जेवणही त्याच तळघरात होत असतं. सेल्मरने ते पाकीट आपल्या दफनाच्या जेवणाचे आगाऊ पैसे म्हणून हिल्डरबाईंच्या हाती दिलं. त्यांनी तीनदा नाही म्हटलं. अशा रीतीने गावाने गावाच्याच जेवणाचे पैसे गावाला भरले आणि सेल्मर पुन्हा कंगाल झाला. बाई आता रोज येते, मोजे चढवते. सूज उतरली आहे. गावातले लोक हल्ली त्याच्या तब्येतीची जरा जास्तच चौकशी करतात, आणि "बरी आहे" म्हणताना सेल्मरला थोडं ओशाळल्यासारखं होतं.

हे वाचून ज्यांना सेल्मरला चार पैसे पाठवावेसे वाटले असतील, त्यांना नम्र विनंती, की त्यांनी आवरावं. त्याच्याकडे सध्या दोन हजार नऊशे सत्तर डॉलर आहेत, आणि दोन दयाळू वाचक त्याला वृद्धाश्रमात पोहोचवायला पुरेसे आहेत. ज्यांच्या मनात असं काही आलंच नाही, त्यांचे मात्र सेल्मरने मनापासून आभार मानले आहेत. त्याचे पाय तुमच्याच भरवशावर आहेत.