सास्तूरची मोटार

आमच्या बेंबळीत कॉम्प्युटरपुढं चपला काढून बसणारा एकच माणूस आहे, आणि तो माझा शेजारी आहे. शिवलिंगअप्पा. कापडाचं दुकान बंद करून बरीच वर्षं झाली, पण बैठक अजून गादीवरचीच. सकाळी कपाळाला भस्म लावून ते लॅपटॉप उघडतात, ब्राउजरमध्ये एका बोटानं आकड्यांचा पत्ता टाकतात, पडद्यावरचं ‘मोटार’ हे बटन दाबतात आणि डोळे मिटतात.

“आलं बगा पाणी, सर.”

पाणी येतं ते सास्तूरला. तिथं त्यांची थोरली बहीण, अक्का, एकटी राहते. तिला एकदा करंट बसला, तेव्हापासून ती विजेच्या बटनाला बोट लावत नाही. म्हणून अप्पा पूर्वी सारखे एसटीनं जाऊन तिची टाकी भरून द्यायचे. पुण्याच्या मुलाला ही धावपळ बघवेना. त्यानं अक्काकडं इंटरनेट घेतलं, एक पेटी बसवली आणि मोटार, दिवा, पंखा सगळं तिला जोडलं. इथं ब्राउजरमध्ये बटन दाबायचं, तिकडं चालू. “आता तुम्हाला जायची गरजच नाही,” म्हणाला.

अप्पा मात्र मिटल्या डोळ्यांनी टाकीत पडणारी धार ऐकत बसतात. “आता अर्धी झाली. आता आवाज जड झाला. आता अक्का तांब्या घिऊन आली.” इतकं मन लावून सांगतात, की ओसरीवर बसल्या बसल्या मलाही गार वाटायला लागतं. समोरचा चहा निवून जातो.

खोड एकच. इंटरनेटची डबीही त्याच पेटीला जोडलेली, म्हणून पडद्यावर तिचंही बटन आहे, आणि संध्याकाळी दिवा लावताना अप्पांचं बोट हटकून त्यावर पडतं. डबीच बंद झाली तर पेटीला निरोप पोचणार कसा? पडद्यावर नुसतं पांढरं पान. “घ्या! पुन्यांदा चुकलं,” म्हणत अप्पा दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं सास्तूरला निघतात, डबी चालू करायला. गल्ली हसते. उभ्या जन्मात ज्याचं बोटभर कापड चुकलं नाही, त्याचं बटन मात्र दर आठवड्याला चुकतं!

शेवटी मुलानं मला फोन केला. “सर, ती डबी सरळ भिंतीच्या प्लगला लावून द्या. म्हणजे त्यांना बंदच करता येणार नाही.” पुढच्या चुकीला मीही अप्पांबरोबर निघालो. एरवी कंडक्टरशीही गप्पा मारणारे अप्पा खिडकीबाहेर बघत राहिले.

“आजच कराया पायजे का, सर?” एवढंच एकदा विचारलं.

सास्तूरला दारात पाऊल टाकलं, तर घरभर गुळाचा वास. चुलीवर हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, रटरटत होती. तिचे गहू आदल्या दिवशी भिजवावे लागतात.

“आम्ही येणार हे तुम्हाला कसं कळलं, अक्का?”

अक्कानं हनुवटीनं डबी दाखवली. “त्यातला हिरवा दिवा इझला की म्या गहू भिजू घालते. सकाळी येतोय मग आमचा शिवा.”

ती आत गेल्यावर अप्पा हळूच म्हणाले, “उगंच आलो तर रागं भरती, सर. म्हणती, या वयात कशाला हाल करून घेतोस? काम घिऊन आलं की कायबी बोलत न्हाय.”

मी डबीला हात लावला नाही. तिथूनच मुलाला फोन लावला आणि सांगितलं, वायर तोकडी पडते. तोवर अप्पा पाटावर बसले होते. अक्का त्यांच्या हुग्गीवर तूप वाढत होती, पुरे म्हणेपर्यंत. अप्पा काही पुरे म्हणत नव्हते.