जनूकाकांचा अर्धा तास

शिरवण्याच्या आमच्या सोसायटीत जनूकाका घड्याळ लावून भांडतात. समोरच्यानं आवाज चढवला की ते आधी मनगटाकडे बघतात, मगच स्वतःचा चढवतात.

परवा पार्किंगवरून त्यांनी सेक्रेटरीला "बिनडोक" म्हटलं. पंचविसाव्या मिनिटाला त्याच्याच दारात चहाचा थर्मास घेऊन उभे.

"काका, माझा राग अजून गेला नाय."

"जाऊ नको देऊस. चा घे फक्त."

काकांची सगळी नोकरी अणुभट्टीच्या कंट्रोल रूममध्ये झाली. भट्टी अचानक बंद पडली की तिच्यात झेनॉन नावाचा किरणोत्सारी वायू साचत जातो आणि भट्टी चालवणारे न्यूट्रॉन गिळत बसतो. "अर्ध्या तासात चालू केली तर केली," काका सांगतात. "नायतर दीड-दोन दिवस झेनॉन विरेपर्यंत बसून राव्हा. मानसाचं पन तसंच हाय."

भांडण लपवायचीही सोय नाही. "जमिनीखाली अणुबाँब फोडला तरी झेनॉन फटीतनं निसटतो, हजारो मैलांवरच्या हवेत यंत्राला गावतो. तुमचं तर तिसऱ्या मजल्यावर झालं!"

मी चळवळीची पत्रकं छापते. माझा राग तत्त्वाचा असतो, त्याला घड्याळ नसतं. त्यामुळे काकांचं हे विज्ञान मला शुद्ध भित्रेपणा वाटायचं, आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगायचे.

मागच्या रविवारी मी जिन्यात पत्रक चिकटवलं: 'जात बघून लेकीला घराबाहेर काढणाऱ्या बापांना जाहीर सवाल'. काकांनी ते सोलून काढलं. मी भडकले. "तुम्हाला का झोंबलं एवढं?" काकांनी घड्याळही बघितलं नाही. निघून गेले.

कबूल करते, मीच भिंतीवरचं घड्याळ बघत बसले. विसाव्या मिनिटाला बेल वाजली. काकांच्या हातात थर्मास नव्हता. पत्रक होतं, चुरगळलेले कोपरे सरळ केलेलं.

"अश्विनीनं परजातीतला पोरगा पसंत केला, तवा मी तिला जा म्हनलो," ते म्हणाले. अश्विनी ही त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्याला नोकरीला असते, एवढंच आम्हाला माहीत. "ती गेली. अर्धा तास मी घड्याळ बघत होतो, जिना काय उतरलो नाय. मंग दोन दिवस थांबलो. मंग चार वर्षं."

या प्रसंगासाठी माझ्याकडे तीन पत्रकांचा मजकूर तयार होता. मी एवढंच विचारलं, "झेनॉन चार वर्षं राहतो का हो, काका?"

"तिसऱ्याच दिवशी गेला, पोरी. तो आपसूक जातो. चालू मातर कुनीतरी करावं लागतं." त्यांनी फोन पुढे केला. "नंबर तेवढा लाव. चष्मा घरी ऱ्हायला."

चष्मा त्यांच्या नाकावर होता. मी नंबर लावला. रिंग वाजायला लागली तसं त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं.

पलीकडून "हॅलो" आलं. काकांनी घसा खाकरला.

"खाडीत तुझ्या आवडीची मासळी गावते अजून, निवट्या," ते म्हणाले. मग नाकावरचा चष्मा काढून, "आपले जावई... मासे खातात का?"

पलीकडून फोन ठेवला गेला नाही. मी घड्याळ पालथं धरून उभी राहिले.