पूजेतला पाना आणि चार लिंबं

माणूस गेला तर लोक एकदाच विचारतात, कशानं गेला, आणि चहा पिऊन घरी जातात. गाडीची बॅटरी गेली तर कारण सापडेपर्यंत कुणी जागचं हलत नाही. ह्याला विज्ञानाची आवड म्हणतात, आणि ती आमच्या बनशंकरी वस्तीत उदंड आहे.

सन पंचाण्णवची आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी. कारखान्यात फिटर असलेल्या दयानंदानं पहाटे उठून गाडी धुतली, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. देवाला वाट दिसावी म्हणून पुढचे दोन्ही दिवे लावले आणि शोभेसाठी त्यांच्यावर झेंडूच्या माळा गच्च गुंडाळल्या. (माळा इतक्या झकास बसल्या, की आत दिवा जळतोय हे त्याच्याही ध्यानात राहिलं नाही.)

दहाला शहराच्या मोठ्या, मॅजेस्टिकच्या स्टँडवर निपाणीची बस येणार होती आणि तिच्यातून थोरला भाऊ बसवंत. चार वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. वाट्याची जमीन विकून दयानंदानं ही गाडी घेतली, तेव्हा बसवंत म्हणाला होता, "रान इकून पत्रा घेतलास." आता त्याचाच निरोप आला होता : त्या पत्र्यात बसवून घरी नेलंस तर येतो, नाहीतर स्टँडवरनंच माघारी.

नवाला दयानंदानं चावी फिरवली. गाडी नुसतं घुर्र म्हणाली.

फिटर माणसाला बॉनेट उघडून बघायला कितीसा वेळ? पण पाना, पकड, स्क्रूड्रायव्हर, सगळे हळदकुंकू लावून पाटावर बसलेले. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो. गॅरेजवाल्यांचीही पाटावरच. अख्ख्या शहरात एकच हत्यार मोकळं होतं, ते म्हणजे तोंड.

मग रीतसर तपास सुरू झाला. ज्यानं त्यानं मत द्यायचं, आणि ते खरं की खोटं बघायला चावी एकदा फिरवायची.

पुण्याहून काँप्युटरच्या नोकरीवर आलेला शेजारचा नंदू म्हणाला, "काका, इथली हवाच ओलसर. पुण्यात बॅटरी अशी जातच नाही."

चावी. घुर्र. (पुण्याचा मोठेपणा चावीनं कसा तपासतात, हे विचारू नये.)

फुलवाली यल्लव्वा म्हणाली, "कोहळा ल्हान फोडलासा अण्णा. दृष्ट ऱ्हायली."

चावी. घर्र.

रिक्षावाला परसू म्हणाला, "स्वल्प थांबा अण्णा, पेट्रोल गार पडलंय. हं, आता फिरवा."

खट्.

दयानंदाची बायको महानंदा दारातून ओरडली, "अहो, परसूच्या रिक्षानं जा की!"

"पत्र्यात बसवून आणायचंय त्याला!"

"मग रिक्षा काय केळीच्या पानाची असते?"

हा मुद्दा बॅटरीसंबंधी नसल्यामुळे सभेनं विचारात घेतला नाही.

अकरापर्यंत सतरा जण जमले. सोळांनी मिळून बावीस मतं दिली, एक जण नुसता बघत राहिला. बॅटरी आता खट् सुद्धा म्हणेना.

साडेअकराला कोपऱ्यावर रिक्षा थांबली आणि बसवंत उतरला. हातातली पिशवी खाली न ठेवता म्हणाला, "तासभर स्टँडवर उभा केलास मला. तोंडावर सांगाय आलोय. हा निघालो."

दयानंदानं चावी पुढं केली. "बंद पडलीय, दादा."

बंद पडलेल्या गाडीसमोर राग धरून उभं राहणं आपल्या माणसाला जमत नाही. बसवंतनं पिशवी खाली ठेवली, गाडीभोवती एक फेरी मारली.

"डिझेल बघितलंस का?"

"पेट्रोलवर चालते, दादा."

"तरी बघायचं असतं." मग बाह्या सारून म्हणाला, "ढकलायला पाना लागत नाही. लाव खांदा!"

स्टेअरिंगवर महानंदा बसली. दोघे भाऊ शेजारी शेजारी वाकले. लिंबं फचाफच फुटली आणि उतारावर गाडी धडधडून सुरू झाली. महानंदाला उतरवून दयानंद स्टेअरिंगवर बसला आणि दुसरं दार उघडून म्हणाला, "बस दादा, घर आलंच."

"असं कसं? स्टँडवरनं न्यायचं ठरलंय." म्हणून दोघे आधी मॅजेस्टिकला गेले, आणि तिथून घरी आले.

सभेनं निकाल दिला : हवा, दृष्ट आणि डिझेल, तिन्ही मिळून.

जेवायला मात्र सभेची सोळाच पानं उठली. दिवे जळतायत हे ज्याला पहाटेपासून ठाऊक होतं आणि तरी ज्यानं चकार शब्द काढला नाही, तो सतरावा आला नाही. कुठनं येणार? तो इथं बसून हे वाचतोय. बसवंतदादा अजून विचारतो, भेटला का रे तो?