समाधीसरांची शेवाळाची भिंत

"एकदा मी लिहायला बसलो ना, की सगळ्या जगाला शेवाळाचं वेड लावीन!" असं समाधीसरांनी जाहीर केलं तेव्हा बायको भाजी निवडत होती. तिने मानसुद्धा वर केली नाही. या घरात एकाला ते वेड लागलं होतं, तेवढं तिला आयुष्यभर पुरणार होतं.

सरांचं खरं नाव संस्थेच्या पाटीवर होतं, पण त्या नावाने त्यांना कोणी हाक मारत नसे. प्रयोगशाळेच्या मागे एक जुनी दगडी भिंत होती, बारा महिने ओलसर. तिच्यावरचं शेवाळ किती हळू पसरतं, हा सरांचा विषय. रोज संध्याकाळी स्टुलावर बसून ते तिचा फोटो काढत, आणि फोटो काढून झाला तरी तिथेच बसून राहत. तिरपं ऊन शेवाळावर आलं की त्यांना वाटे, आपण उंचावरून एका घनदाट जंगलावर तरंगतो आहोत. खाली नद्या आहेत, पायवाटा आहेत, कुठल्याशा घरात कोणी दिवा लावतंय. अशा वेळी हाक मारली तर ओ यायला बराच वेळ लागे, म्हणून ते समाधीसर. मात्र इतक्या वर्षांत त्या शेवाळाला त्यांनी बोटसुद्धा लावलं नव्हतं. हात लागला की वाढ बिघडते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

तर झालं असं, की संचालकबाईंनी फर्मान काढलं. ज्याचं काम लोकांना माहीत नाही, त्याच्या प्रकल्पाला मुदतवाढ नाही; सगळ्यांनी सोशल मीडियावर यायचं. सरांचं शेवाळ भिंतीच्या टोकाच्या पाइपापर्यंत पोचून मोजणी पुरी व्हायला अजून वर्षभर तरी हवं होतं. ते वर्ष मिळालं नाही, तर आधीची सगळी वर्षं फुकट. म्हणजे लिहिणं आलंच.

पहिली पोस्ट त्यांनी आलेखांसकट टाकली. तिला एकच लाइक मिळाला, तोही बायकोचा, आणि तीही म्हणाली की बोट चुकून लागलं. मग सरांनी आलेख बाजूला ठेवले आणि मनातलं लिहिलं. या हिरव्या भिंतीजवळ बसलं की डोक्यातला गलका थांबतो, परवा तर मी बसल्या बसल्या पेंगलो, असं काहीसं. ती पोस्ट मात्र वणव्यासारखी पसरली. जगात झोप न येणारे इतके लोक असतील याची सरांना कल्पनाच नव्हती. त्यातल्या एकाने विचारलं, "सर, भिंतीला हात लावला की झोप येते का?"

आता तुम्ही-आम्ही असतो तर 'नाही' लिहून मोकळे झालो असतो. पण सर पडले संशोधक. साधं 'हो' किंवा 'नाही' त्यांनी लग्नाच्या बोलणीतसुद्धा म्हटलं नव्हतं. त्यांनी लिहिलं, "हस्तस्पर्श आणि झोप यांच्या संबंधाविषयी सध्या पुरेशी माहिती नाही. हा संबंध पूर्णपणे नाकारता येत नाही. अधिक निरीक्षणांची गरज आहे."

बायकोने ते वाचलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो, सरळ 'नाही' लिहा ना."

"अगं, 'नाही' म्हणायलाही पुरावा लागतो."

"मग निदान 'हात लावू नका' असं तरी लिहा."

ते त्यांना पटलं. त्यांनी खाली जोडलं, "स्पर्श टाळणे कदाचित श्रेयस्कर ठरू शकेल, असे काही निरीक्षणांवरून वाटते." लोकांनी त्यातलं 'कदाचित' तेवढं उचललं.

दुसऱ्या दिवशीपासून माणसांची रीघ लागली. सरांना निरीक्षणं हवी आहेत ना, मग ती द्यायला सगळे तयार! एक बाई कडेवरचं तान्हं घेऊन आल्या. ते फाटकापाशीच झोपलं होतं, पण श्रेय भिंतीला गेलं. एका बसचालकाने फक्त करंगळी टेकवली, कारण त्याला तिथून थेट कामावर जायचं होतं. सर प्रत्येकासमोर हात जोडून "जरा लांबून पाहिलंत तर..." एवढं म्हणेपर्यंत पुढचा तळवा भिंतीवर पडलेला असे. संचालकबाई तर गर्दी बघून हरखून गेल्या. त्यांनी दोन्ही हात भिंतीवर दाबले आणि डोळे मिटून घेतले. त्यांना थांबवावं असं सरांना फार वाटलं, पण मुदतवाढीची सही त्याच हातांची होती.

"कसं वाटतंय, मॅडम?" एवढंच त्यांनी विचारलं.

बघता बघता भिंतीची कळा गेली. आधी ठिगळं दिसू लागली, मग नुसता दगड उरला. ते जंगल, त्या नद्या, त्या पायवाटा, सगळं लोकांच्या तळहातांना चिकटून घरोघर गेलं. सरांना अगदी रडू आलं. अन्न गोड लागेना, अंथरुणावर डोळ्याला डोळा लागेना.

एका संध्याकाळी भिंतीपाशी कोणी नव्हतं. सर स्टुलावर बसले. उघड्या दगडावर नेहमीचं तिरपं ऊन आलं होतं. आता बिघडायचं काही उरलंच नव्हतं, म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हात पुढे केला आणि भिंतीवर तळवा टेकवला. दगड गार होता, किंचित ओलसर. हळूहळू स्टूल जमिनीवरून सुटल्यासारखं झालं. खाली हिरवं जंगल आलं, पायवाटा आल्या, आणि कुणीही आड न येता सर त्यावरून तरंगत गेले.

बायकोने गदागदा हलवलं तेव्हा ते जागे झाले. भोवती माणसं जमली होती, आणि सगळी अदबीने हळू आवाजात बोलत होती. सरांच्या घोरण्याचा व्हिडिओ केव्हाच गावभर झाला होता. त्याखाली कोणीतरी लिहिलं होतं, "घ्या पुरावा! खुद्द सर!"

सकाळी संचालकबाईंचा निरोप आला. मुदतवाढ मंजूर, अभिनंदन. फक्त विषयात थोडा बदल आहे. शेवाळ वगळायचं, आणि भिंतीच्या स्पर्शाने झोप कशी येते ते शोधायचं.

सर तावातावाने फोन घेऊन बसले. बायको मागे उभी राहिली.

"आता तरी 'नाही' लिहा. दोनच तर अक्षरं आहेत."

सरांचं बोट 'ना'पर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. मग त्यांनी ओशाळून मागे वळून तिच्याकडे बघितलं.

"लिहिलं असतं गं. पण काल झोप मात्र खरंच फार छान लागली होती."