बाईसाहेबांचा आवाज पाच दिवस कोंडला त्याची हकीकत

श्री. जो अडले ते सोडवितो आणि मिटले ते उघडतो त्या विघ्नहर्त्यास आधी नमन, मग भिंतीचे भोकातून येऊन सर्व राज्ये चालविणारी जी वीजबाई तिजला नमन, आणि मग वाचणाऱ्या सुज्ञांस दंडवत. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरी, आश्विनमासी, दसऱ्याचे सुमारे जे वर्तमान घडले ते जैसे ऐकिले तैसे लिहिले असे. पदरचे फार थोडे घातले, तेही माया आली म्हणोन.

एक राज्य होते. त्याचे नाव सांगणे नाही, विस्तार मात्र सांगतो: दुसरा मजला, दोन दालने, एक मुदपाकखाना, आणि पूर्वेस एक सज्जा, ज्यात तुळस आणि मोडका कूलर गुण्यागोविंदाने नांदत. तेथे श्रीमंत भार्गवराव राज्य करीत. वय वर्षे बाहत्तर. उमेदीची तीस वर्षे दूरध्वनी खात्यात तारा जोडण्यात घालविली, सबब यंत्रविद्येत आपणांस कोणी चार गोष्टी सांगाव्या हे त्यांस खपत नसे. राणीसाहेब कुमुदिनीबाई अहेवपणी कैलासवासी जाहल्या त्यास तीन वर्षे होत आली होती, आणि एकुलती कन्या शर्वाणीबाई समुद्रापलीकडे आपला संसार संभाळीत होत्या. आता राज्यातील मुख्य ठिकाण म्हणाल तर लॅपटॉप नामे गड. गड जुना, बिजागरी सैल, दोन कळांवरील अक्षरे पुसलेली, परंतु श्रीमंतांस तो जिवाहून प्यारा, कारण त्याचे पोटात कैलासवासी बाईसाहेबांचा आवाज होता. जाहले होते ऐसे की, बाईसाहेबांनी एके दिवशी चारचे सुमारास भजनाची नवी चाल उतरवून ठेवावी म्हणोन रेकॉर्डिंग सुरू केले, आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी जाहली, आणि त्या उठोन गेल्या, आणि रेकॉर्डिंग बंद करणे विसरल्या, आणि मग नित्याप्रमाणे चहा घेऊन श्रीमंतांसंगे वर्तमानपत्रातील शब्दकोडे सोडवावयास बसल्या. तो चाळीस मिनिटांचा सगळा दरबार गडाने निमूट टिपून ठेविला. त्यात भजन नाही, उपदेश नाही, कोणास आशीर्वाद नाही. बाईसाहेब शब्द विचारितात, शिसपेन्सिलीने लिहितात, चुकले की खोडरबराने खोडितात, आणि मध्येच श्रीमंतांस रागे भरतात, इतकेच. बाईसाहेब गेल्यावर ती फाईल हाती लागली, आणि मग दर आदितवारी चार वाजता चहाचे दोन कप मांडोन श्रीमंत ती ऐकत, आणि ऐकून होईतो दुसरा कप निवून जाई.

दर आदितवारी म्हणजे आदितवारीच, अधिक एक वेळ नाही. श्रीमंत कॅसेटच्या जमान्याचे. वाजविल्याने आवाज घासतो आणि नक्कल उतरविली की मूळ फिके पडते, ऐसा त्यांचा पक्का समज. शर्वाणीबाईंनी तीन वेळा मागणी केली की, "बाबा, मला पाठवा ना ते. एका क्लिकचं काम आहे." श्रीमंतांनी तिन्ही वेळा सांगितले, "घासतं गं ते. तू आलीस की इथंच बसून ऐक." आणि कन्येस रजा मिळेना, आणि श्रीमंतांचा समज सुटेना, आणि ऐसे दोन दसरे गेले.

मग त्या वर्षी गडाचे दफ्तर संभाळणारा जुना कारभारी, हार्ड डिस्क नामे, थकला. करकर करू लागला, दरवाजा उघडावयास अर्धी घटका घेऊ लागला, आणि एक वेळ तर बाईसाहेब बोलता बोलता मध्येच अडखळल्या. तेव्हां श्रीमंत गड कवटाळोन एसटी स्टँडापाशी दस्तगीर मिस्त्री यांचे दुकानी गेले. दस्तगीर पन्नाशीचे, चष्मा सदैव कपाळावर, गावातील निम्मे लॅपटॉप त्यांचे हातून गेलेले. त्यांनी कान लावून ऐकिले आणि म्हणाले, "साहेब, ही डिस्क आज जाते का उद्या, सांगता येत नाही. सगळं नव्या एसएसडीवर घेऊ. मग बघा कसा पळतो." श्रीमंतांनी विचारिले, "नक्कल करणार?" दस्तगीर शहाणा मनुष्य, म्हातारे गिऱ्हाईक ओळखून होता. म्हणाला, "नक्कल कुठली, सामान हलवायचं फक्त." मग संमती मिळाली, आणि नवमीचे दिवशी सर्व दफ्तर नव्या कारभाऱ्याचे स्वाधीन जाहले, आणि काम पुरे होताच जुना कारभारी दोन वेळ टकटक करोन जो गप्प जाहला तो पुन्हा उठला नाही. स्वामिकार्य करोन पडला, ऐसेच म्हणावे लागते. आता बाईसाहेबांचा आवाज त्रिभुवनात एकाच जागी उरला, तो म्हणजे नव्या एसएसडीच्या दोन बोटे लांबीच्या हिरव्या पट्टीत, जिचे एका टोकास बारीक सोनेरी दात होते. दस्तगीर म्हणाले, "द्या, बसवून देतो, दोन मिनिटांचं काम." श्रीमंत ताठ जाहले आणि म्हणाले, "नको. उद्या दसरा आहे. पूजा करून मीच बसवीन. तीस वर्षं तारा जोडल्यात मी." दस्तगीरांस दुसरे दिवशी भाचीचे लग्नास परमुलखी आठ दिवस जाणे होते, सबब त्यांनी वाद घातला नाही.

दसऱ्याचे दिवशी पाट मांडिला, आणि पाटावर पेचकस, इस्त्री, रेडिओ, मिक्सर आणि बाईसाहेबांचे शिवणयंत्राची बॉबिन ऐसे राज्याचे सर्व मानकरी बसविले, आणि मध्यभागी नवा कारभारी. श्रीमंतांनी कुंकू पाण्यात कालविले आणि मानकऱ्यांस टिळे लाविले. नव्या कारभाऱ्याची वेळ आली तेव्हां याचे कपाळ कोणते हा प्रश्न पडला, आणि जेथे सोने तेथेच मस्तक असा निवाडा करोन श्रीमंतांनी त्या सोनेरी दातांवर बोटभर ठसठशीत ओला टिळा लाविला, वर अक्षता ठेविल्या, हात जोडिले आणि म्हणाले, "आमची बाई तुमच्या पदरात घातली आहे, जपा." मग अक्षता झटकिल्या, गडाचे तळाचे स्क्रू काढिले, पट्टी खाचेत बसविली, स्क्रू पिळिले, आणि सुमुहूर्ते बटण दाबिले. दिवा लागला, पंखा फिरला, आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली की चालू होण्याजोगी डिस्क सापडत नाही. म्हणजे गादी आहे, गड आहे, गादीवर कोणी नाही.

मग मोहिमांवर मोहिमा जाहल्या. पहिली मोहीम बुधवारी: बटण तीस आकडे मोजून दाबोन धरिले, सोडिले, पुन्हा दाबिले, यश नाही. दुसरी मोहीम गुरुवारी: फोनवरून दस्तगीरांची कुमक मागितली. तिकडे बँड वाजत होता, दस्तगीर एका कानात बोट घालोन ओरडत होते, "साहेब, बॅटरीची वायर काढा, डिस्क काढून परत बसवा! जोर करू नका!" त्याप्रमाणे केले. पट्टी काढिली तो टिळा जागचे जागी, वाळून घट्ट बसलेला. श्रीमंतांस तो पाहोन उलट धीर आला, आणि त्यांनी तैसीच पट्टी परत खोचिली. यश नाही. तिसरी मोहीम शुक्रवारी, गडाचे अंतर्गृहात, ज्यास जाणते लोक बायोस म्हणतात. दस्तगीर सांगत गेले आणि श्रीमंत कळा दाबीत गेले, आणि कारभाऱ्यांची यादी उघडिली तो जागा कोरी. दस्तगीर म्हणाले, "लॅपटॉपला ती दिसतच नाही साहेब. दातांना काही लागलं तर नाही ना? तेल, घाम, काही?" श्रीमंत रागावोन म्हणाले, "छे! हात धुऊन, सोवळं नेसून बसवलंय." तेव्हां दस्तगीर हळू म्हणाले, "मग मी येईपर्यंत हात लावू नका. कधी कधी नवीनच डिस्क खराब निघते. तसं असलं तर काय उरतं ते बघावं लागेल." दुसरे कारागीर गावात होते, परंतु परक्याचे हाती बाईसाहेबांस देणे श्रीमंतांचे मनास येईना. त्यांनी गड मिटला, त्यावर बाईसाहेबांची शाल पांघरिली, आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

शनिवारी कन्येचा फोन आला तेव्हां लपविणे जमले नाही, सर्व सांगितले. मग शर्वाणीबाई म्हणाल्या, "बाबा, मी तीनदा मागितलं होतं." श्रीमंत म्हणाले, "हो." मग त्या म्हणाल्या, "आई काय बोलायची ते आठवतं मला. कसं बोलायची ते येत नाही आता कानात. मी प्रयत्न करते, तर माझाच आवाज येतो." फोन ठेविल्यावर ते सज्ज्यात कूलरला टेकून उभे राहिले, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांस आपला अपराध दिसला, की आपण आवाज जपला तो पोरीपासोन जपला.

आदितवार उजाडला. चार वाजले. सवयीने चहाचे दोन कप मांडिले गेले, समोर मिटला गड, शेजारी वर्तमानपत्राचे कोडे आणि बाईसाहेबांची पेन्सिल, जिचे मागचे टोकास खोडरबर होते. घर इतके गप्प की श्रीमंतांस ते सोसवेना. दीडशे आदितवार ऐकिलेला दरबार तोंडपाठ होता, तो ते आपल्याच तोंडाने बोलू लागले. आधी शिट्टी, मग कप ठेविल्याचा आवाज, मग बाईसाहेब. "आडवा सहावा. तीन अक्षरी, वाट पाहणारा." मग आपण, "पथिक?" मग बाईसाहेब, "पथिक वाट चालतो हो, पाहतो कुठं? चातक असेल." मग खोडल्याचा आवाज. शब्द सारे येत होते आणि बाई काही येत नव्हत्या. कन्या म्हणाली ते खरेच होते. तरी थांबले नाहीत. तिसरी शिट्टी जाहली, आणि मग पुढले वाक्य आले, "आणि हे बघा, परवा दसरा आहे. यंत्रांना कुंकू लावाल ते कोरडं लावा. गेल्या वर्षी शिवणयंत्रात ओलं कुंकू घालून ठेवलंत, आठ दिवस पुसत होते मी. काही लक्षात नसतं तुमच्या. ऐकताय ना?" आणि याचे पुढे रेकॉर्डिंगात श्रीमंतांचे उत्तर होते, पेपरात डोके खुपसून दिलेले: "हं."

ते "हं" म्हणावयास तोंड उघडिले आणि तैसेच राहिले. दीडशे वेळ ऐकिले. आवाज ऐकिला, बाईसाहेब काय सांगत आहेत ते एकही वेळ ऐकिले नाही. मग श्रीमंत उठले, शाल दूर केली, स्क्रू काढिले, पट्टी बाहेर घेतली. सोनेरी दातांवर कुंकवाचा लाल थर, खपलीसारखा. पाण्यास हात लाविला नाही, इतके शहाणपण आता आले होते. बाईसाहेबांची पेन्सिल उलटी धरिली आणि खोडरबराने एकेक दात हळू हळू घासला, जैसे त्या चुकले अक्षर खोडीत, आणि लाल चुरा वर्तमानपत्रावर पडत गेला, आणि खालून सोने निघत गेले. मग कोरड्या फडक्याने पुसोन पट्टी खाचेत बसविली, स्क्रू पिळिले, आणि बटण दाबितांना डोळे मिटून घेतले. उघडिले तो पडद्यावर बाईसाहेबांनीच लाविलेले जास्वंदीचे चित्र होते.

ज्या क्षणाची पाच दिवस आस, तो आला. तरी श्रीमंतांनी फाईल वाजविली नाही. आधी कन्येस फोन लाविला. तिकडे नुकते उजाडले होते. म्हणाले, "शर्वू, कसं पाठवायचं ते सांग. मी दाबतो." ती म्हणाली, "बाबा, घासलं तर?" श्रीमंत म्हणाले, "घासलं तर घासू दे. तुझ्या कानात घासू दे." मग तिने सांगितले आणि त्यांनी दाबिले, आणि फाईल समुद्र उल्लंघोन गेली, आणि मूळ तसूभर फिके पडले नाही. मग दोघांनी एक, दोन, तीन म्हणोन एकदमच सुरू केली, फोन मध्ये उघडा ठेवोन. शिट्टी जाहली. कप वाजला. बाईसाहेब बोलू लागल्या, अगदी त्याच, किंचित घोगऱ्या, घाईतल्या, आणि फोनात कन्येचा हुंदका ऐकू आला, आणि श्रीमंत ऐकत राहिले, शब्द न शब्द. तिसरी शिट्टी जाहली. कोरडे कुंकू आले, शिवणयंत्र आले, मग बाईसाहेबांनी विचारिले, "ऐकताय ना?" गडातल्या श्रीमंतांनी "हं" म्हटले. आणि गडाबाहेरचे श्रीमंत खुर्चीतून पुढे झुकले आणि म्हणाले, "ऐकतोय, कुमुद. चुकलं माझं. ऐकतोय."

येणेप्रमाणे पाच दिवसांचा वेढा उठला. आपले आठ दिवस पुरे करोन दस्तगीर मिस्त्री लग्नाचे लाडू घेऊन आले, तेव्हां त्यांस काय बिघडले होते ते श्रीमंतांनी स्वतःहोन सांगितले, हे या राज्याचे इतिहासात प्रथमच. सारांश इतकाच की यंत्रास टिळा कोरडा लावावा, आणि घरचे मनुष्य विचारीत असता पेपर खाली ठेवावा. त्या आदितवारी दुसरा कप निवून गेला होता, तो श्रीमंतांनी परत ऊन केला आणि कन्येशी बोलत बोलत स्वतः प्याले. पुढे लिहिणाराचे डोळ्यांस अक्षर दिसेना, म्हणोन लेखणी येथे ठेविली असे.