कामथडीच्या वस्तादांचा निकाल

सावळाराम तालमीत नको ते बोलून गेला आणि त्यापायी त्याच्या लेकीचं लग्न मोडायची वेळ आली.

भाटघरच्या धरणाचं काम चालू होतं तेव्हा सावळाराम बारा वर्षं साहेबांच्या बंगल्यावर चाकरीला होता. धरण पुरं झालं, साहेब लोक निघून गेले, आणि गावाबाहेरच्या टेकाडावरचा एक रिकामा बंगला राखायचं काम तेवढं त्याच्याकडे उरलं. श्रावणात एकदा तालमीत गप्पा निघाल्या, जत्रेत यंदा कोणकोणते खेळ ठेवायचे याच्या. सावळारामानं सांगितलं, की साहेबांच्यात बाई-गड्यानं जोडीनं नाचायची स्पर्धा लागते, पाठीवर आकडे लावतात, पंच बसतात, जिंकणाऱ्याला चांदीचा पेला मिळतो. तोही कुस्तीसारखा खेळच आहे. इथं थांबला असता तरी निभावलं असतं. पण आपल्यालाही तो येतो असं म्हणून त्यानं उठून चार पावलं टाकून दाखवली.

दुसऱ्या दिवसापासून गाव त्याला 'नाच्या' म्हणू लागलं. आठ दिवसांत ते नाव विंझरपर्यंत पोचलं. तिथल्या रायबाच्या मुलाशी सावळारामाच्या अंबूचं ठरलं होतं. रायबानं निरोप धाडला, की नाच्याच्या घरची पोरगी करावी की नाही, यावर घरात विचार चालू आहे.

सावळाराम तालमीच्या रखमाजी वस्तादांकडे गेला. खेळ कशाला म्हणायचं आणि कशाला नाही, हे ठरवणारा पंचक्रोशीत तो एकच माणूस होता. वस्तादांनी सगळं ऐकून घेतलं आणि मिशीवरून हात फिरवला.

"ज्यात गडी दमतो, त्यो खेळ," ते म्हणाले. "माझ्या मानसिंगाला शिकव. त्याला धाप लागली, तर चावडीवर येऊन सांगीन. न्हाई लागली तर पुन्यांदा ह्यो विषय न्हाई."

मानसिंग तालमीतला पहिल्या नंबरचा पैलवान. तो नाच शिकतोय हे कुणाला कळलं असतं तर तालमीची अब्रू गेली असती, म्हणून हे तिघांतच ठेवायचं ठरलं. नाचाला फळ्यांची जमीन लागते, ती बंगल्यातच होती. साहेबांनी मागं टाकलेला चावीचा फोनो होता, दोन तबकड्या होत्या. दुपारी गाव जेवून आडवं झालं की दोघं टेकाडावर जायचे. मडमेचा घोळदार झगा पायात येऊ न देणं ही त्या नाचातली मोठी मेख असल्यामुळे सावळाराम मानसिंगाच्या कमरेला पांढरी चादर गुंडाळायचा. पहिल्याच दिवशी मानसिंगाला असा दम लागला, की तो बंगल्याच्या मागं जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. पन्नाशीचा सावळाराम मात्र आरामात तबकडी पुसत होता. नाचानं दमलो हे वस्तादांना कुठल्या तोंडानं सांगावं, म्हणून मानसिंग गप्प बसला.

पाचव्या दिवशी टेकाडावर धुकं उतरलं होतं. भामाबाई शेरडं घेऊन त्या बाजूला गेली. बंद बंगल्यातून बारीक गाणं येत होतं आणि काचेआड काहीतरी पांढरं, उंच, गरागरा फिरत होतं. शेरडं तिथंच टाकून ती घरी आली आणि अंथरुणाला खिळली. तिन्हीसांजेपर्यंत गावभर झालं, की बंगल्यात मडम आहे. तिकडचं गवत कापायला बायका जाईनात. जनावरं गोठ्यात हंबरू लागली. शेवटी गेनबा पाटलांनी वस्तादांना बोलावून सांगितलं, की तुमच्याएवढ्या छातीचा दुसरा माणूस गावात नाही, तेव्हा काय असेल त्याचा बंदोबस्त तुम्हीच करा.

वस्तादांना खरं सांगता येईना. त्यांनी एक तोड काढली. मानसिंगाला आणि सावळारामाला म्हणाले, उद्या नाचाची तालीम बंद, दोघं माझ्याबरोबर या. पाटलांना रिकामा बंगला दाखवू आणि सगळं मिटवून टाकू.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळी निघाली. पुढं वस्ताद, हातात काठी आणि पाटलांनी दिलेला नारळ. मागं किल्ली घेऊन सावळाराम, त्याच्या मागं मानसिंग. पाटील आणि आणखी चौघं. धुकं इतकं दाट, की पुढच्याची पाठ तेवढी दिसत होती. कुंपणापाशी पाटलांचे पाय थांबले. तुम्ही व्हा पुढं, आम्ही इथं लक्ष ठेवतो, असं ते म्हणाले. वस्तादांना हसू येत होतं. तिघं पायऱ्या चढून व्हरांड्यात आले.

आणि आत गाणं सुरू झालं.

वस्तादांनी मागं वळून पाहिलं. दोघंही तिथंच होते. किल्ली अजून सावळारामाच्या हातातच होती.

"सावळाराम, आत कोण हाय?"

"कुणी न्हाई, वस्ताद. फोनो म्या काल घरी नेला, चावी तुटली म्हणून."

वस्ताद खिडकीपाशी गेले आणि काचेवरचं पाणी तळहातानं पुसलं. आत काळ्या कोटातला एक गोरा माणूस आणि पांढऱ्या झग्यातली बाई एकमेकांना धरून फिरत होती. एवढी फळ्यांची जमीन, पण पावलांचा आवाज नव्हता. जमिनीवर धूळ होती आणि त्या धुळीत फक्त सावळारामाच्या आणि मानसिंगाच्या रुंद पायांचे ठसे होते. मानसिंगानं ते पाहिले आणि तो खाली बसला.

सावळाराम मात्र काचेला कपाळ लावून बघत राहिला. "धरनाच्या पयल्या वर्साचं सायेब हाईत," तो अगदी हळू म्हणाला. "पुण्याला स्पर्धा व्हती. रोज हितंच पावलं बसवायची दोघं. पटकी आली, एका आठवड्यात दोघंबी गेली. स्पर्धा राहून गेली."

पळावं असं वस्तादांना वाटत होतं, पण डोळे हटेनात. ते सवयीनं पाय बघू लागले होते. दूरच्या कोपऱ्यावर वळताना बाईचं पाऊल चुकत होतं. दर वेळी दोघं थांबायची, मधोमध येऊन उभी राहायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. एकदा, दोनदा, सातदा. आठव्यांदा वळण नीट बसलं. साहेब थांबला. गुडघ्यांवर हात टेकून वाकला. त्याची पाठ वरखाली होत होती. बाई भिंतीला टेकली आणि पदरासारखं काहीतरी तोंडावरून फिरवू लागली. मग साहेबानं मान वर केली आणि खिडकीकडे पाहिलं.

वस्तादांनी काठी खाली ठेवली. आखाड्यात नव्या पैलवानापुढं ठेवतात तसा नारळ दाराशी ठेवला, हात जोडले आणि मागच्या पावली व्हरांडा उतरले. मानसिंगाला सावळारामानं बखोटीला धरून उतरवलं.

कुंपणापाशी पाटलांनी काय काय विचारलं. चावडीवर सांगतो, एवढंच म्हणून वस्ताद गावाकडे चालू लागले.

त्याच आठवड्यात विंझरच्या रायबाला बोलावून चावडीवर मंडळी जमवली. वस्ताद उभे राहिले. साहेबांचा जोडीचा नाच हा खेळ आहे, आपण स्वतः पारखून बघितला, आणि ह्यापुढं सावळारामाला कुणी नाच्या म्हटलं तर त्यानं तालमीत येऊन आपल्याशी बोलावं, असं त्यांनी सांगितलं. रायबानं मान डोलावली. मुहूर्ताचं बोलू म्हणाला.

पाटलांचं समाधान झालं नव्हतं. "पन वस्ताद, खेळ म्हणायचा तर गडी दमाया पायजे, असं तुमीच म्हणता. ह्यात दमला कोण?"

"म्या दमलो," मानसिंग मागून खालच्या मानेनं म्हणाला. चावडीवर कुणी हसलं नाही, कारण वस्ताद त्याच्याकडेच बघत होते.

"मानसिंगाचं सोडा," वस्ताद म्हणाले. "जो दमायलाच नको व्हता, त्यो दमल्याला म्या बघितलाय."



परत जाताना वाटेत भामाबाई भेटली. तापातून नुकतीच उठली होती. टेकाडावर शेरडं न्यायची का, असं तिनं भीत भीत विचारलं.

"खुशाल न्ये," वस्ताद म्हणाले. "फकस्त दुपारचं नगं. त्या वक्ताला तितं मेहनत चालू असती. शेरडं वरडली तर त्यांचं पाऊल चुकंल."